किसन, लवंगेचं तेल कशाला घातलंस?

किसन,

तुझं चित्र अजून ओलं आहे. दशक्रिया झाली, तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला, आणि हे काही वाळायचं नाव घेत नाही. सकाळी मी गाळ्याचं कुलूप काढतो, शटर वर ढकलतो, की आधी लवंगेचा वास येतो आणि माझं डोकं फिरतं. तू असतास तर तुला चार शब्द ऐकवले असते. आता कुणाला ऐकवू? चहावाल्याला ऐकवून झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चहात साखर जास्त घातली.

आपला धंदा ज्याला माहीत नाही, त्याला लवंगेचं तेल म्हटलं की दाढदुखी आठवणार. कोपरगावच्या निम्म्या लोकांना आपण दात काढतो असंच वाटायचं. खरी गोष्ट एवढीच होती, की तू चेहरा रंगवायचास आणि मी बाकीचं सगळं: फेटा, कोट, खुर्ची, मागचा पडदा. तुझा चेहरा झाला की दुसऱ्या दिवशी मी त्यावरून पंखा फिरवायचा. पंखा म्हणजे पसरट, मऊ केसांचा कोरडा ब्रश. ओल्या रंगावरून तो अलगद नेला की ब्रशाच्या खुणा मिटतात, गालावरचा उजेड आणि हनुवटीखालची सावली एकमेकांत विरघळतात, आणि माणूस फोटोतल्यासारखा गुळगुळीत होतो. पण त्यासाठी रंग ओला राहावा लागतो. म्हणून तू रंगात लवंगेच्या तेलाचे एकदोन थेंब टाकायचास, त्यानं रंग वाळायला वेळ लावतो. तुला त्या तेलाचा काही उपयोग नव्हता. ते नेहमी माझ्यासाठी असायचं.

आणि म्हणूनच मला झोप नाही. तुझ्या स्वतःच्या चित्रात ते कुणासाठी घातलंस?

बोर्डावर आपण 'के. शमू आर्ट्स' लिहिलं तेव्हा दोघांनाही मिसरूड फुटलेलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. के म्हणजे किसन, शमू म्हणजे मी, शमुवेल. लोकांना मात्र के. शमू हा एकच माणूस वाटायचा. "शमूसाहेब कोणते?" असं विचारत कुणी आलं की तू माझ्याकडे बोट दाखवायचास आणि मी तुझ्याकडे. कुणाचे वडील गेलेले, कुणाची आई. ओळखपत्रावरचा नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला एक नखाएवढा फोटो घेऊन लोक यायचे आणि आपण त्यातून हातभर तसबीर काढायचो. जन्मात कधी कोट न घातलेल्या माणसाला आपण कोट घातला. पडलेले दात बसवले. एका आजीला तिच्या मुलाच्या सांगण्यावरून ठुशी घातली, तर तिची सून रुसून बसली. शाळांचे संस्थापक झाले, कारखान्यांचे चेअरमन झाले, पतपेढ्यांचे अध्यक्ष झाले. सगळे गुळगुळीत. तालुक्यातला असा बाप राहिला नसेल ज्याच्या गालावरून माझा पंखा फिरला नाही.

मग फ्लेक्सवाले आले. फोटो द्या, तासाभरात कॅनव्हासवर छापून घ्या, कोट हवा तर कोट, मागं हिमालय हवा तर हिमालय. आपलं काम कमी झालं. मी हाय खाल्ली. तू मात्र सुटल्यासारखा दिसायला लागलास. त्याच सुमारास तू लेकीकडे पुण्याला गेलास आणि तिथल्या कुठल्याशा कॉलेजच्या हॉलमध्ये एक जुनं तैलचित्र पाहून आलास. बसमधून उतरलास तो घरी न जाता थेट गाळ्यावर.

"शमू, जवळ गेलो तर नुसता चिखल. गालावर ह्यो एवढा रंगाचा गोळा, तसाच ठिवलेला. आन् चार पावलं मागं सरलो तर माणूस माझ्याकडं बघतूय. श्वास घेत हुता रं."

"आपली माणसं पण बघतात," मी म्हणालो.

"आपली बघत्यात. श्वास न्हाई घेत."

मला राग आला होता, अजूनही येतो. उभं आयुष्य ज्या गालांवरून हात फिरवला ते गाल श्वास घेत नाहीत, असं भर दुपारी तोंडावर सांगतोस? पण तुझ्या अंगात ते भूत शिरलं ते शिरलंच. म्हणायचास, "गुळगुळीत तर आता मशीन करतंय. मानसानं कशाला करायचं?" मी म्हणायचो, गिरणी आली म्हणून बायकांनी भाकरी थापायची सोडली का? तू हसून म्हणायचास, "भाकरीवर बोटं उमटत्यात शमू. तीच तर मजा हाय." तुझ्याशी वाद घालणं म्हणजे असं होतं. आपलंच वाक्य आपल्या अंगावर यायचं.

तुला वाटलं होतं जाड रंग लावला की झालं. आठवतं? कांद्याचा ढीग रंगवायला घेतलास. रंगाच्या ट्यूबा पिळून पिळून लावल्यास आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावर इतका ब्रश घासलास की कांदे पुन्हा गुळगुळीत. चिंधीनं सगळं पुसून टाकलंस. दुसऱ्या दिवशी पुन्हा कांदे, पुन्हा चिंधी. मग ब्रशाला बांबूची लांब कामटी बांधलीस, म्हणजे हात जवळ जायला नको. चष्मा काढून ठेवून रंगवलंस. डाव्या हातानं रंगवलंस. सुरीनं लावलंस, तर वहिनी म्हणाल्या की केकवर क्रीम बरं लावतात बेकरीवाले. कारखान्याच्या तळावर ऊसतोडीवाल्यांचे बैल रंगवायला गेलास आणि बैल सोडून तुझ्याच पायजम्यावर जास्त रंग आणलास. मी चेष्टा करत होतो, पण बघतही होतो. तुझ्यासारखा हुकमी हात या भागात दुसरा नव्हता, आणि तो हात तुझं ऐकत नव्हता. एकदा तू नुसता बसून राहिलास आणि म्हणालास, "रंग ठिवायचा आन् हात काढून घ्यायचा. एवढंच हाय. पर हात काढून घ्यायला लई जड जातंय."

मी तेव्हा काहीतरी टोमणा मारला असणार. काय ते आठवत नाही.

मग हळूहळू यायला लागलं. ते मी कबूल करतो, कारण मलाच रस्त्यावर उभं राहून ते बघावं लागलं. आपला गाळा एवढासा. मागं सरायला जागाच नाही. म्हणून चित्र शटरपाशी टेकवून तू मला बाहेर पिटाळायचास. "अजून मागं. अजून." मी गटार ओलांडायचो, रस्ता ओलांडायचो, पार समोरच्या चहाच्या टपरीला पाठ लागेपर्यंत. मधून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. दोन ट्रॉल्यांच्या फटीतून मला तुझे कांदे दिसायचे, आणि तू तिकडून हातवारे करून विचारायचास, काय? एकदा टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तू तिकडं पोट धरून हसत होतास. पण त्या दिवशी कांदे खरंच कांदे होते. उचलून पिशवीत घालावेसे वाटले. मी ओरडून सांगितलं, "बरं आहे." तू नुसती मान हलवलीस आणि आत गेलास, आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस.

माझं म्हणणं तरीही कायम होतं आणि ते तू कधी नीट खोडून काढलं नाहीस. कांदे ठीक आहेत. पण आपण माणसं करतो, आणि तीही गेलेली. तसबिरीला हार घालायला माणूस जवळच येणार. पायाला हात लावणार, काचेवरची धूळ पदरानं पुसणार. त्याला तुझा चिखल दाखवून काय उपयोग? तुझं चित्र लोकांना म्हणतं, लांब व्हा. माझा पंखा म्हणतो, या, जवळ या, हे तुमचेच आहेत. तू एकदाच उत्तर दिलंस. म्हणालास, "जवळून तर जलमभर बघितलेलं असतं शमू. म्हणूनच दिसलेलं नसतं." हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, पुढं बोल. तेवढ्यात कुणीतरी गिऱ्हाईक आलं.

त्या चेअरमनसाहेबांच्या चित्राचं मी पुन्हा काढणार नव्हतो, पण काढतो. कारखान्यानं मोठ्या हौसेनं काम दिलेलं. तू चेहरा तुझ्या नव्या रीतीनं केलास आणि मला सांगितलंस, पंखा फिरवू नको, असंच दाखवू. कमिटीची माणसं आली. गाळा लहान, त्यामुळं सगळे नाकासमोर उभे. एकानं तंबाखूची चिमूट हातातच ठेवून विचारलं, "साहेबांना देवी कवा आल्त्या?" मला हसू आवरेना आणि तुझं तोंड बघवेना. ते गेल्यावर तू मला म्हणालास, "घे, फिरीव." आणि समोरच्या टपरीवर जाऊन पाठमोरा बसलास. मी काम केलं. चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. तू परत आलास, बघितलंस, म्हणालास, "झ्याक झालं." आणि खाली सही केलीस, 'के. शमू'. सही नेहमी पंखा फिरल्यावरच व्हायची, तो आपला नियमच होता.

'झ्याक झालं' म्हणताना तुझ्या मनात काय होतं, हे विचारायचं राहून गेलं. अशा बऱ्याच प्रश्नांची पोतडी आहे माझ्याकडे. तू असताना वाटायचं, विचारू कधीतरी, हा कुठं पळून जातोय.

या थंडीत तू स्वतःला रंगवायला घेतलंस. "लई गुणी गिऱ्हाईक हाय, तक्रार करीत न्हाई," म्हणायचास. दाढीचा आरसा खिळ्याला टांगलेला, अंगात तो कोपरावर विरलेला राखाडी स्वेटर. मी माझं काम करत तिरक्या नजरेनं बघत होतो. गाल तू एका फटक्यात ठेवलास. डोळ्यापासून जबड्यापर्यंत रंगाचा एक जाड पट्टा, आणि हात काढून घेतलास. नाक दोनतीन घावांत. डोळे नाहीतच म्हटलं तरी चालेल, नुसत्या दोन सावल्या. तू दोन पावलं मागं सरलास, भिंतीला टेकलास आणि ब्रश खाली ठेवलास. चिंधी उचलली नाहीस. इतक्या वर्षांत तुला चिंधी न उचलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मी काय म्हणालो? माझी जीभ. मी म्हणालो, "तुझ्या दशक्रियेला हे ठेवलं तर लोक विचारतील, गेलं कोण?"

तू मोठ्यानं हसलास. म्हणालास, "तवा तू हायेस की पंखा घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता तू खाली बसलास आणि उठलाच नाहीस. आरसा तू गाळ्यावर आणला होतास म्हणून वहिनींच्या कपाटाच्या आरशासमोर करत होतास. वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्यांना वाटत होतं, नुसती चक्कर आली आहे.

आता मला सांग, ती थट्टा होती की सांगणं होतं?

दुसऱ्याच दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचा एक बी धड फोटो न्हाई." खरंच नाही. मोबाईलमध्ये आहेत ते सगळे घोळक्यातले, कुठं तोंडात घास, कुठं डोक्यावर हेल्मेट. फ्लेक्सवाल्याचं नाव कुणीतरी काढलं, तर तुझा पोरगाच बोलला, साऱ्या तालुक्याच्या तसबिरी ज्यानं केल्या त्याचा फ्लेक्स लावायचा का? मग मी तुझं चित्र आणून दाखवलं. वहिनी जवळ जाऊन बघत राहिल्या. त्यांची खोलीही आपल्या गाळ्याएवढीच, मागं सरायला जागा नाही. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मला हे दिसंनात ह्याच्यात. तुमी तेवढा हात फिरवा भाऊजी. दहाव्यापर्यंत. मला ओळखू तर येऊ द्या."

मी म्हणालो, रंग वाळला असेल तर काही करता येणार नाही. खरं तर मनात म्हणत होतो, वाळलेला असू दे. कडेला बोट लावून पाहिलं तर ओला. वास घेतला तर लवंग.

किसन, जे चित्र तसंच ठेवायचं त्यात लवंगेचं तेल घालायचं काहीच कारण नाही. कांद्यांत तू घालत नव्हतास, बैलांत घालत नव्हतास, मी बघितलंय. मग यात का? हात सवयीनं बाटलीकडं गेला, चेहरा म्हटलं की लवंग, एवढंच? की तुला ठाऊक होतं, हा शेवटी माझ्याच हाती येणार, आणि मला वेळ मिळावा म्हणून ठेवलंस? सहीही केली नाहीस. सही पंखा फिरल्यावर. मी त्या कोऱ्या कोपऱ्याकडे बघत बसायचो आणि मला एकदा वाटायचं, तू वाट बघतोयस, फिरव म्हणतोयस. आणि वर नजर गेली की तो गाल दिसायचा, एका फटक्यात ठेवलेला. त्याच्यासाठी तू किती चिंध्या वाया घालवल्यास ते मला माहीत आहे. पंखा हातात घेऊन मी रोज उभा राहायचो. हात गालापाशी जायचा आणि परत यायचा. ज्या हातानं तालुका गुळगुळीत केला, त्याला एक गाल होईना.

वहिनी रोज विचारायच्या नाहीत. नुसतं बघायच्या माझ्याकडे.

दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीच्या घाटावर. आम्हा ख्रिस्ती लोकांत असलं काही नसतं हे तुला माहीत आहे. आम्ही माती देतो, प्रार्थना म्हणतो आणि घरी येतो, कावळ्याला काही विचारत नाही. पण त्या दिवशी मी अगदी पुढं जाऊन उभा होतो. लोक म्हणत होते, किसनरावांची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवणार नाही, मग कुणीतरी कबूल करायचं, हे करू, ते करू. मी मनाशी ठरवलं होतं. कावळा थांबला की आधी म्हणेन, पंखा फिरवतो. नाही शिवला तर म्हणेन, नाही फिरवत. ज्याला शिवेल ते खरं. पिंड ठेवला, माणसं मागं सरली, आणि माझं मनातलं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळ्यानं भात उचलला. सगळे हात जोडून म्हणाले, तृप्त होऊन गेला, काही मागं ठेवलं नाही. मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला.

तुझ्या घरी येऊन चित्र पडवीत ठेवलं, तसंच, पंखा न फिरवलेलं. हार चित्राला लागू नये म्हणून मी वर तारेला टांगला. कुणी हात लावू नका, रंग ओला आहे, असं येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत मी दारातल्या शिपायासारखा उभा. जवळ येणारे कपाळाला आठ्या घालून फुलं वाहायचे. पण फाटकातून आत शिरणारे, अंगणाच्या त्या टोकाला असणारे, थबकायचे. आपला चहावाला तर फाटकातच थांबला आणि त्यानं टोपी काढली. हे मी तुझ्या बाजूनं सांगतोय, लक्षात घे.

आणि मग येवल्याहून तुझी आक्का आली. तिला गाडी उशिरा मिळाली, घाटावर पोचता आलं नाही. डोळे तर तिचे आता पुरतेच गेलेत. दोघी जणी तिला धरून पडवीत घेऊन आल्या आणि कुणीतरी म्हणालं, आक्का, हा बघ किसन. मी पाण्याचा तांब्या आणायला वळलो होतो. वळलो तेवढ्यात तिनं हात पुढं केला. तू सुट्टीला गेलास की करायची तसाच, चेहरा शोधत. तिचा तळवा नेमका गालावर पडला.

ती थांबली. म्हणाली, "गाल वला कसा रं तुझा?"



"रडतूस व्हय?" असं म्हणून तिनं तुझा गाल पुसला. डोळ्याखालून खाली, हनुवटीपर्यंत, सगळ्या बोटांनी, लहान पोराचा पुसावा तसा. "नगं रडू. मी आले न्हवं." आणि अलाबला घेऊन दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली. तिच्या पांढऱ्या केसांना तुझ्या गालाचा रंग लागला.

मी तांब्या घेऊन तसाच उभा. वहिनी खाली बसल्या आणि इतके दिवस न रडलेल्या, त्या रडल्या. नंतर मी आक्काला ओट्यावर बसवलं आणि खोबरेल लावून तिचा हात पुसायला घेतला. तिनं बोटं नाकाशी नेली. "लवंग हाय ही. दाढ दुखत हुती का त्याची? मला कुनी बोललं न्हाई." मी म्हणालो, हो आक्का, थोडी दुखत होती. किसन, तू असतास तर आपण दोघं कोपऱ्यात जाऊन हसलो असतो. मी एकट्यानं काय करायचं?

चित्र गाळ्यावर परत आणलंय. डोळ्याखालून हनुवटीपर्यंत आक्काच्या बोटांचे ओरखडे आहेत, मधून खालचा राखाडी रंग दिसतो. तुझा तो गाल आता नाही. तो मला पुन्हा करता येणार नाही, कुणालाच येणार नाही. मी चित्र शटरपाशी टेकवलं आणि तू पाठवायचास तसा बाहेर गेलो. गटार, रस्ता, टपरी. ट्रॉल्या जाऊ दिल्या. आणि तिथून बघितलं तर तू नुकताच मान वळवून काहीतरी बोलणार होतास. खरं सांगतो. का माझेच डोळे भरलेले होते म्हणून तसं दिसलं, तेही असेल. हे चित्र बिघडलंय की झालंय, मला कळत नाही. मी जन्मभर गुळगुळीत की खडबडीत एवढंच बघत आलो. झालंय की नाही हे तू सांगायचास. सांगणारा एकच होता.

वहिनी काल आल्या होत्या. म्हणाल्या, "आता तर बिघडलंच हाय भाऊजी. आता तरी फिरवा." मी त्यांना हाताला धरून रस्त्यापलीकडं नेलं, टपरीपाशी उभं केलं आणि म्हटलं, इथून बघा वहिनी. त्या बघत राहिल्या. एक ट्रॉली गेली, दुसरी गेली, मधून रस्ता मोकळा झाला. त्यांना तू दिसलास, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. मी मनात म्हटलं, जिंकलास लेका.

मग त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हे असं लांबूनच बघायचं का आता ह्यांना?"

याचं उत्तर तुझ्याकडं आहे का? मी त्यांना रस्ता ओलांडून दिला आणि रिक्षात बसवलं.

आज कडेला बोट लावून पाहिलं. आत ओलं आहे, पण वरून साय धरायला लागली आहे. अजून एकदोन दिवस माझा पंखा चालेल, त्यानंतर चालणार नाही. सकाळपासून तो हातात घेऊन बसलो होतो. काही गिऱ्हाईक आलं नाही, तूही काही बोलला नाहीस. संध्याकाळी रोजच्या सवयीनं मोरीवर गेलो, साबण घेतला आणि ब्रश धुवायला लागलो. बराच वेळ घासत होतो. पाणी स्वच्छच जात होतं. तेव्हा लक्षात आलं, त्याला रंग लागलेलाच नाही.